एक्केचाळीस टक्के तुळस

"तुळस असण्याची शक्यता एक्केचाळीस टक्के. नमस्कार."

*

राय नावाचं धान्य माणसाने कधी निवडलंच नव्हतं. ते गव्हाच्या शेतातलं तण होतं. गव्हासारखं दिसत नव्हतं ते लोकांनी उपटलं, दिसत होतं ते चुकून राहिलं. काही हजार वर्षांनी लोक त्याचा पाव खाऊ लागले.

*

सूचना : सभासदांनी मांजरांसाठी बागेत दूध ठेवू नये. – सचिव
(खाली बॉलपेनने) कोणीही ठेवत नाही. ती आपणहून येतात.

*

खुरप्याची मूठ बाभळीची असावी. प्लास्टिकची मूठ घाम पीत नाही.

*

श्रीकृपेकरून आमची कन्या चि. सौ. कां. तुळशी हिचा शुभविवाह कार्तिक शुद्ध द्वादशीस गोरज मुहूर्तावर सोसायटीच्या बागेत करण्याचे योजिले आहे. यंदा पंचविसावे वर्ष. आपले, नीलिमा व हेमंत खैरनार. ता. क. आहेर आणू नये. बसायला आसन आणावे, हिरवळ ओली असते.

*

तक्रार : यंत्र काम करत नाही.
उत्तर : तपासले. यंत्र पूर्ण क्षमतेने काम करत आहे. काल त्याने दोन हजार तीनशे नमस्कार केले.

*

राय सोडलं तर हे सगळं एकाच बागेतलं आहे. लग्न तेवढं मध्ये ठेवू आणि बाकीचं त्याच्या भोवती लावू.

मुहूर्ताआधी पाच वर्षं, पाच महिने

सिन्नरच्या हरितनगर सोसायटीची बाग छबूबाई आव्हाड एकोणीस वर्षं निंदत होत्या. निंदायच्या म्हणजे तण काढायच्या. या भागात त्याला निंदणी म्हणतात, आणि म्हणूनच जून २०३९ मध्ये सोसायटीने जे यंत्र आणलं त्याचं नाव कंपनीने 'निंदक' ठेवलं होतं. गुडघ्याएवढं, सहा चाकांचं, पुढे दोन चिमटे आणि वर दोन डोळे. एका रोपाकडे पाव सेकंद पाहायचं, ते काय आहे हे ठरवायचं आणि नको असेल तर मुळासकट उपटायचं, एवढंच त्याचं काम.

"नाव जरा शुभ नसतं का मिळालं?" क्षेमकल्याणी गुरुजी म्हणाले. ते तिसऱ्या मजल्यावर राहत.

पहिला आठवडा यंत्र आणि छबूबाई दोघं शेजारी शेजारी काम करत होती. यंत्राने बघून शिकावं, असं ठरलं होतं. आठव्या दिवशी सकाळी नीलिमाताई खैरनार पाणी घालायला खाली आल्या, तर वृंदावनामागे एक रोप मुळं वर करून पडलेलं.

"तुळस! अहो, तुळस उपटली यंत्राने!"

हेमंतराव, म्हणजे नीलिमाताईंचे यजमान आणि सोसायटीचे सचिव, पायजम्यावरच धावत आले. यंत्राने त्या सकाळी काय पाहिलं ते तपासलं. पण यंत्राच्या दोन्ही डोळ्यांवर कावळा शिटला होता आणि सगळं चित्रण पांढरं होतं.

"छबूबाई, तुम्ही पाहिलं का काही?"

छबूबाई दहा हात अंतरावर उकिडव्या बसून पदराला हात पुसत होत्या.

"मी माझ्या कामात व्हते साहेब."

संध्याकाळी सभा झाली. इतिवृत्त असं आहे :

*ठराव. यंत्राने तुळशीला हात लावू नये. दुरुस्ती (सौ. खैरनार) : तुळशीसारखं दिसलं तरी लावू नये. दुरुस्तीला दुरुस्ती (क्षे. गुरुजी) : तुळशीवरून नुसतं पुढे जाणं बरं नव्हे, नमस्कार करावा. एकमताने मंजूर.*

इतिवृत्तात नाही ते असं. कंपनीचा इंजिनिअर फोनवर होता. त्याने विचारलं, "सारखं म्हणजे किती टक्के सारखं?"

असा प्रश्न तुळशीबाबत कोणी विचारला नव्हता.

"निम्मं?" हेमंतराव म्हणाले.

"पास व्हायला पस्तीस लागतात," नीलिमाताई म्हणाल्या. पूर्वी त्या शाळेत गणित शिकवत. "आपण जरा कडक ठेवू. चाळीस."

तण आणि तुळस यांच्यातली रेघ अशी ठरली. यंत्र आता सुधारलं, असं म्हणून पंधरा दिवसांनी सोसायटीने छबूबाईंना नारळ दिला. सोबत शालही दिली, म्हणजे तो खरोखरीचा नारळ होता. छबूबाईंनी तो घेतला, कानाशी नेऊन हलवून पाहिला, आणि खुरपं पिशवीत टाकून गेल्या.

मुहूर्ताआधी तीन वर्षं, चार महिने

खैरनारांना मूल नव्हतं. ज्यांना मुलगी नसते ते तुळशीचं कन्यादान करतात, आणि मुलगी दिल्याचं पुण्य त्यांना मिळतं, असं म्हणतात. नीलिमाताईंना पुण्यापेक्षा लग्नाची हौस मोठी होती. हळद दळायची, हिरवा चुडा भरायचा, रुखवत मांडायचा, आणि पहिल्या इमारतीतल्या बिडवेबाईंचे टोमणे ऐकायचे. पितळी बाळकृष्ण बिडव्यांचा, त्यामुळे दरवर्षी वरपक्ष तेच.

त्या उन्हाळ्यात वृंदावनातली जुनी तुळस वाळली. नवी रोपवाटिकेतून आणायची नाही, आपल्याच बागेत आपणहून उगवलेली घ्यायची, असा नीलिमाताईंचा हट्ट होता. मुलगी विकत घेत नाहीत. त्यांनी एक रोप निवडलं आणि खात्रीसाठी यंत्राला बोलावलं.

यंत्राने पाव सेकंद पाहिलं. चिमटे जोडले.

"तुळस असण्याची शक्यता एक्केचाळीस टक्के. नमस्कार."

"पास!" नीलिमाताई म्हणाल्या.

पोरीने अंग धरलं. दाट, काळसर, जांभळ्या देठाची, वाऱ्याला न वाकणारी. बिडवेबाईसुद्धा म्हणाल्या की नवरी गेल्या वर्षीपेक्षा भरलेली आहे. तिचं पान मात्र कोणी तोडलं नाही. नैवेद्यावरची पानं बाजारातून येत. लेकीचं पान कोण तोडतं? वास घेण्याचा प्रश्नही नव्हता. वृंदावनात सकाळ-संध्याकाळ चार-चार उदबत्त्या जळत, आणि हेमंतरावांचं नाक एकवीस सालच्या साथीत गेलं ते परत आलंच नव्हतं.

तीन कार्तिक तिचं लग्न लागलं. तिन्ही वेळा अंतरपाट दूर होताना नीलिमाताई रडल्या. तिन्ही वेळा हेमंतराव म्हणाले, "अगं, ती इथेच राहणार आहे." तिन्ही वेळा रात्री ते स्वतःच खाली जाऊन तिला बघून आले.

मुहूर्ताआधी आठ दिवस

यंत्र आता वितभर पुढे जायचं, थांबायचं, चिमटे जोडायचं. वितभर जायचं, थांबायचं. पूर्वी अर्ध्या दिवसात संपणाऱ्या बागेला आता नऊ दिवस लागत, आणि नऊ दिवसांत ते उपटायचं मोजून पाच-सहा रोपं. बाकी सगळा वेळ देवधर्मात. गुलाब दिसेनासे झाले होते. झोपाळ्याखाली तुळस, पायवाटेच्या फटीत तुळस, मीटरच्या खोलीच्या दारात तुळस. बाहेरचे लोक पाया पडून जात.

हेमंतरावांनी इतक्या ठिकाणी तक्रारी केल्या की शेवटी कृषी महाविद्यालयातून एक मुलगी आली. डॉ. ओवी सांगळे. तिने सॅक खाली ठेवली, पायवाटेवरचं एक पान चुरगळून हुंगलं, मग दुसरं, मग दहावं. आणि हसायला लागली.

"काका, बसा. यातली एकही तुळस नाही. ही खोकली आहे."

"खोकला?"

"खोकली. साधं तण. कुंपणाकडेला, गटाराकडेला उगवतं. आधीच थोडंसं तुळशीसारखं, त्यालाही तुरे येतात. पण मी अशी खोकली आयुष्यात पाहिलेली नाही." तिने एक तुरा कौतुकाने वर धरला. "तुम्ही बनवलीत ही."

"मी?"

"तण शिकत नाही. त्याला डोळे नाहीत, अक्कल नाही. पण समजा शंभर रोपं उगवली, आणि त्यातल्या एकाचं पान जरा तुळशीच्या वळणाचं आहे. यंत्राने नव्याण्णव उपटली, त्या एकाला नमस्कार केला. पुढची पिढी सगळी त्या एकाची. त्यातही जी जास्त सारखी, ती राहिली. खोकलीची पिढी तीन महिन्यांची, आणि तुमच्याकडे बारा महिने पाणी. पाच वर्षांत वीस पिढ्या. माणसाच्या वीस पिढ्या मोजाल तर शिवकाळाच्याही मागे जाल."

"म्हणजे यंत्र फसलं."

"यंत्राने चोख काम केलं. तुळशीसारखं असेल ते राख, असं आपण म्हणालो, त्याने राखलं. बियाणाची नवी जात अशीच काढतात, फक्त मुद्दाम काढतात. भाताच्या खाचरातही एक गवत असतं, लोंबी येईपर्यंत भातातून वेगळं ओळखू येत नाही. ते निंदणाऱ्या बायकांच्या डोळ्यांनीच घडवलंय. काय बघून उपटायचं ते ठरलं, की तण तिथून निसटायला लागतं."

"मग आमच्या छबूबाई एकोणीस वर्षं निंदत होत्या, तेव्हा का नाही झालं असं?"

"किती वेळ लागायचा त्यांना?"

"मूडवर असायचं. सुनेशी भांडून आल्या की बाग लवकर साफ व्हायची."

"तेच," ओवी म्हणाली. "माणूस रोज एकच गोष्ट बघत नाही. एक दिवस पान, एक दिवस देठ, एक दिवस वास, एक दिवस नुसता राग. तणाला धरायला धागा मिळत नाही. यंत्र पाच वर्षं एकच गोष्ट बघत होतं."

हेमंतरावांनी मान हलवली. मग ती हलायची थांबली. त्यांनी वृंदावनाकडे पाहिलं.

"ती या बागेतलीच आहे," ते हळूच म्हणाले.

ओवी उठली. "एक पान मिळालं तर..."

"नको!" हेमंतराव इतक्या जोरात म्हणाले की यंत्र थांबलं. "आठ दिवसांवर लग्न आहे."

दुपारी नीलिमाताई झोपल्यावर ते एकटेच खाली गेले. वृंदावनाशी वाकून त्यांनी दीर्घ श्वास घेतला. तेवीस वर्षं बंद असलेल्या नाकाला काहीही कळलं नाही. "बाळ," ते म्हणाले, आणि पुढे काय विचारावं हे न सुचून वर आले.

वर नीलिमाताई जाग्या होत्या. "कुठे गेला होतात?"

"असंच. पाणी बघायला."

"यंदा चुडा मोठा घ्यायला हवा. अंगाने किती वाढलीय बघितलंत?"

"बघितलं," हेमंतराव म्हणाले.

मुहूर्ताआधी चार तास

पंचविसाव्या वर्षाचं म्हणून नवं वृंदावन बांधलं होतं, निळ्या-पांढऱ्या फरशीचं. नवरीला जुन्या वृंदावनातून नव्यात न्यायचं होतं. नीलिमाताईंनी पदर खोचला, माती मोकळी केली, आणि मुळांसकट तिला अलगद वर उचललं. ओल्या मुळांना ऊन लागलं.

पहिलं मांजर मीटरच्या खोलीवरून उतरलं. दुसरं बिडव्यांच्या गाडीखालून आलं. मग कुंपणावरून एकदम तीन. ती लोळू लागली, मातीत तोंड घासू लागली, एक बोका तर नीलिमाताईंच्या निऱ्यांना मिठी मारून डोळे मिटून बसला.

"शुक! शुक! अहो, हाकला ना!"

"वऱ्हाड लवकर आलं वाटतं," गुरुजी म्हणाले. ते मुंडावळ्यांची गाठ सोडवत होते.

आठ दिवसांत हेमंतरावांनी खोकलीबद्दल मिळेल ते सगळं वाचलं होतं. उपटलेल्या खोकलीच्या मुळाचा वास मांजरांना वेडं करतो, हेही वाचलं होतं. त्यामुळे ते मांजरं हाकलायला गेले नाहीत. ते खाली बसले.

पंचवीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला नवऱ्याचं बसणं कळलं.

"काय आहे?"

"नीलू, तुळशीला मंजिरी येते."

"मग?"

"हिला मांजरी येतात."

त्यांनी सगळं सांगितलं. मांडवात जमलेल्या सगळ्यांनी ऐकलं. नीलिमाताई मातीचा गोळा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रोपाच्या बुंध्याला गेल्या वर्षीच्या दोन हिरव्या बांगड्या होत्या.

"तुम्हाला कधी कळलं?"

"आठ दिवस झाले. खात्री नव्हती."

"आठ दिवस. काल तुम्ही माझ्यासमोर बसून हळद दळलीत."

"मला वाटलं, यंदाचं लग्न पार पडू दे..."

"आणि मी तीन वर्षं काय गटाराकडेच्या तणाला..."

बिडवेबाई पुढे आल्या. वरपक्षाला हे वर्षानुवर्षं हवं होतं. "आम्ही कूळ विचारलं होतं, मूळ विचारलं नाही, इथेच चुकलं."

"ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात," गुरुजी घाईने म्हणाले.

"तुळशीचं विचारू नये असं कुठे म्हटलंय? आमचा बाळकृष्ण तीन वर्षं तणाबरोबर संसार करतोय!"

यंत्र चाकांचा आवाज करत आलं. मांडीवरच्या रोपासमोर थांबलं, चिमटे जोडले.

"तुळस असण्याची शक्यता अठ्ठ्याण्णव टक्के. नमस्कार."

नीलिमाताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की एरवी विद्यार्थी बाकाखाली गेला असता.

"टाकून द्या हिला," त्या म्हणाल्या. पण मांडीवरचा हात काढला नाही.

मुहूर्ताआधी दोन तास

ओवी छबूबाईंना मोटरसायकलवरून घेऊन आली. या आठ दिवसांत ती त्यांना तीनदा भेटली होती. 'तण डोळ्यांनी नाय, बोटांनी बघायचं' हे वाक्य तिने वहीत लिहून घेतलं होतं.

छबूबाई उतरल्या. मांडव, केळीचे खांब, लोळणारी मांजरं, रडवेल्या वहिनी, सगळ्यांवर त्यांनी एकदा नजर फिरवली. मग नवरीची पानाची कड दोन बोटांत धरली.

"खोकली. पर काय देखणी झालीया!"

"छबूबाई, बागेत एक तरी खरी तुळस असेल ना हो?" नीलिमाताईंचा आवाज अगदी बारीक झाला होता. "गोरजाला दोन तास आहेत. पंचवीस वर्षांत एकदाही चुकलं नाही. बाजारातली नकोय मला. आपल्या मातीतली हवी."

"बघते की."

छबूबाई उकिडव्या बसल्या आणि सरकत सरकत बाग बघू लागल्या. पान चुरडायचं, हुंगायचं, पुढे. मागे यंत्र, त्याचे नमस्कार. त्याच्या मागे ओवी, वही घेऊन. त्यामागे हेमंतराव. शेवटी मांजरं.

"खोकली."

"तुळस असण्याची शक्यता शहाण्णव टक्के. नमस्कार."

"गप रं. खोकली. खोकली. ही बी तीच."

पहिला तास असा गेला. उन्हं कलली. ओवीने घाम पुसला. "मावशी, मला एक कळत नाही. खोकली वाढली हे ठीक. पण खरी तुळस गेली कुठे? इथे पूर्वी होती ना?"

उत्तर पाण्याच्या टाकीमागे मिळालं. फरशी आणि भिंत यांच्या सांध्यात एक काडी उभी होती. वितभर, फिकट, किड्यांनी भोकं पाडलेली चार पानं. छबूबाईंनी पानाला नुसतं नख लावलं आणि त्या मागे सरकल्या.

"घ्या वहिनी. तुमची पोर."

नीलिमाताईंनी गुडघे टेकले. वास आला. उदबत्ती नसलेला, नुसता तुळशीचा वास त्यांना किती वर्षांनी आला होता.

तेवढ्यात यंत्र त्यांच्या खांद्याशी आलं. पाव सेकंद पाहिलं.

"तुळस असण्याची शक्यता एकोणचाळीस टक्के. तण."

आणि चिमटा पुढे झाला.

छबूबाईंचा हात आधी पोहोचला. त्यांनी पंजाने रोप झाकलं. चिमटा पंजाच्या वर थबकला.

"कृपया हात काढावा."

"तूच काढ."

"कृपया हात काढावा."

"एकोणीस वर्सं हितं हात व्हता माझा," छबूबाई म्हणाल्या. "तुला इचारून काढू व्हय?"

हेमंतरावांनी यंत्राचं बटण दाबलं. ते नमस्कार न करताच बंद पडलं. ओवी वही छातीशी धरून उभी होती.

"असं झालं तर," ती म्हणाली. "दरवर्षी ते राखलेल्या रोपांवरून तुळशीचं चित्र सुधारून घेत होतं. राखलेली सगळी खोकली. सुधारता सुधारता त्याच्या डोळ्यांत खोकलीच तुळस झाली. मग खरी तुळस नापास व्हायला लागली. वर्षभरात बागेतल्या सगळ्या खऱ्या तुळशी त्यानेच उपटल्या असणार. ही टाकीमागे लपली म्हणून वाचली."

"एका मार्काने नापास," नीलिमाताई म्हणाल्या. त्यांनी पदराने त्या काडीभोवती आडोसा केला. "पास व्हायला चाळीस मीच ठेवले होते."

मुहूर्त

आता प्रश्न उरला मोठीचा.

नव्या वृंदावनात धाकटी, वितभर, बाहुलीच्या चुड्यालाही सैल पडेल अशी. आणि बाहेर गोणपाटावर मोठी, कंबरेएवढी, मांजरांच्या घोळक्यात. गुरुजींनी पोथी चाळली. खोकलीबद्दल पोथी गप्प होती.

"उपटून झालेलीच आहे," बिडवेबाई म्हणाल्या. "खताच्या खड्ड्यात टाका. ओवीताईंना हवी तर त्या घेऊन जातील."

ओवीला हवी होती. खोकली सहसा वर्षाच्या आत संपते, ही चौथ्या वर्षात होती. पण नीलिमाताईंच्या चेहऱ्याकडे पाहून तिने वही बंद केली.

नीलिमाताई मोठीजवळ गेल्या. "तू फसवलंस मला," त्या तिला म्हणाल्या. मग जरा वेळाने, "तुला तरी कुठे माहीत होतं." त्यांनी मागे वळून पाहिलं. "छबूबाई, तुम्ही सांगा. तण आहे. उपटायचं ना?"

छबूबाईंनी पदर सारखा केला. इतके जण त्यांच्या तोंडाकडे बघत होते असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"मी काय सांगू? तण आसतं तर म्या बोलायच्या आत काढलं आसतं. पर हिचं कन्यादान किती वर्सांमागं केलं तुम्ही?"

"तीन."

"म्हंजी दिलेली पोर. ती आता बिडव्यांची सून. तिला ठिवायचं का काढायचं, ते माहेरानं कशाला बोलायचं?"

हेमंतरावांना हसू फुटलं, आणि मग सगळ्या मांडवाला. फक्त बिडवेबाई हसल्या नाहीत. त्या हिशेब घालत होत्या की सुनेला खताच्या खड्ड्यात टाका म्हणणारी सासू कॉलनीत कशी दिसेल.

"आमच्या गॅलरीत ऊन येतं सकाळचं," त्या शेवटी म्हणाल्या. "कुंडी मोठी लागेल. आणि मांजरं मी खपवून घेणार नाही."

"सून आली की तिचं माहेर येणारच," गुरुजी म्हणाले.

"पण गुरुजी, एकाच घरात दोघी?" बिडवेबाईंनी विचारलं.

"ज्याच्याशी लग्न लागतंय त्याच्या घरी सोळा हजार एकशे आठ आहेत, बाई. एकशे नऊ झाल्या तर कोणाला कळणार आहे?"

गोरज झाली. अंतरपाट धरला. अलीकडे बाळकृष्ण, पलीकडे वृंदावनात ती काडी. पंचविसाव्यांदा नीलिमाताई रडल्या.

"अगं, ती इथेच राहणार आहे," हेमंतराव म्हणाले.

"तुम्ही बोलू नका," नीलिमाताई म्हणाल्या. "आठ दिवस बोलू नका." पण कन्यादानाच्या वेळी त्यांनी आपला हात हेमंतरावांच्याच हाताखाली धरला.

मुहूर्तानंतर एक महिना

छबूबाई पुन्हा कामावर आल्या. अटी त्यांनी घातल्या आणि सोसायटीने मान्य केल्या. यंत्र विकायचं नाही. निंदणीही करू द्यायची नाही. त्याने पाण्याची बादली आणि छबूबाईंची पिशवी वाहायची, आणि बसायचा पाट पुढे सरकवत न्यायचा. ओवी आठवड्यातून दोनदा येते आणि छबूबाईंनी आज काय बघून उपटलं ते लिहून घेते. वहीत आतापर्यंत 'पान', 'बोट', 'वास', 'जरा जास्तच शहाणी वाटली' आणि 'सून' अशा नोंदी आहेत.

"वास येणारं यंत्र काढलं तर?" हेमंतरावांनी तिला विचारलं.

"पाच वर्षांत तुळशीच्या वासाची खोकली येईल."

"मग फरक काय उरेल?"

"रायचा पाव खाल्लाय कधी?" ओवी म्हणाली.

टाकीमागून आणलेली ती काडी आता हातभर झाली आहे. बिडव्यांच्या गॅलरीतल्या मोठीला नवे तुरे आले आहेत. तिच्या बिया गॅलरीतून खाली बागेत पडू नयेत म्हणून सासूबाई तिच्याभोवती जुनी मलमलची साडी बांधतात, आणि कोणी विचारलं तर सांगतात की डोक्यावर पदर घेतलाय.

यंत्राची नमस्काराची सवय काही जात नव्हती. कंपनीने सांगितलं, ती पार आत गेलेली आहे, काढायची तर सगळंच काढावं लागेल. फार तर नमस्कार कोणाला करायचा ते बदलता येईल. त्यामुळे आता रोज सकाळी साडेसातला फाटक वाजलं की ते दारापाशी जातं, पाव सेकंद पाहतं आणि चिमटे जोडतं.

"छबूबाई असण्याची शक्यता नव्याण्णव टक्के. नमस्कार."

"एक टक्का कुठं गेला रं?" छबूबाई विचारतात, आणि पिशवी त्याच्या पाठीवर ठेवतात.

*

जून २०३९ मधल्या त्या सकाळी वृंदावनामागचं रोप यंत्राने उपटलं नव्हतं. ते छबूबाईंनी उपटलं होतं, आणि ते खोकलीचं होतं.